बिनमोरचुदाची खळ

दाजी, मी तुमची खळ खाल्ली होती हे आता सगळ्या सोयऱ्यांना पाठ आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

दुष्काळाचं साल होतं, वैशाखातली दुपार. छापखान्यात मुद्रितं तपासून डोळे लाल करून मी जेवणाच्या सुट्टीत तुमच्या घरी आलो. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आणि तुमची मंडळी, घागर घेऊन हापशावर गेली होती. तुम्ही चित्रकलेच्या शाळेत, शिकवायला. चुलीवर पातेलं होतं, आत तपकिरी, दाट, चकचकीत माडगं, आणि शेजारी वाटीत गुळाचे खडे. हुलग्याचं माडगं मला लहानपणापासून जीव की प्राण, आणि बहिणीच्या घरी विचारून खायची आपल्यात पद्धत नाही. वाटी भरली, गूळ कुस्करला, मांडी घातली. यंदा हुलगा उगवलाच नाही तर माडगं आलं कुठून, हा विचार मला दुसऱ्या वाटीनंतर आला आणि तिसऱ्या वाटीबरोबर निघून गेला. पातेलं मी पार बोटानं निपटून ठेवलं.

अक्का दारात आली आणि तिच्या हातची घागर हिंदकळली. त्या साली घागर हिंदकळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

"मन्मथ्या! आरं ती खळ हाय रे!"

"कसली खळ?"

"वह्यांचे पुठ्ठे चिकटवायची! चिंचोक्याची! आता काय करू मी ह्याला!"

तिच्यामागून तुम्ही सायकल टेकवून आत आलात. पातेल्यात पाहिलंत, माझ्याकडं पाहिलंत आणि विचारलंत, "जाड लागली का पातळ?"

"दाजी, मी मरतो का जगतो ते बघा आधी!"

"त्येच बघून राहिलो. गुठळी लागली का कुठं?"

"न्हाई."

"मग चांगली झाल्ती," तुम्ही म्हणालात. "मोरचूद घातला नव्हता. जगशील."

आमच्या छापखान्यातला बांधणीवाला खळीत मोरचूद घातल्याशिवाय पातेलं खाली उतरवत नसे. निळा खडा, विषारी. तो घातला की पुस्तकाला कसर लागत नाही, झुरळं पुठ्ठा कुरतडत नाहीत. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. बांधणी तुम्ही मुंबईला कलाशाळेत शिकून आला होतात आणि पहिली काही वर्षं तुमच्याही खळीला निळसर झाक असायची. त्या वर्षी मात्र तुम्ही तो डबा फळीवर वर ठेवून दिलात. मी पोट चोळत चोळत तुम्हाला ऐकवलं, "बिनमोरचुदाची खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आवतन."

"येऊ दे तिला," तुम्ही म्हणालात. "यंदा कोण काय खाईल सांगता येत न्हाई."

हे मी तुमचा विनोद म्हणून पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिलो.

तुम्ही लिंगैक्य झालात त्याला अजून पुरता पंधरवडा झालेला नाही. पेपरात तुमच्यावर छापून आलं. जन्म उदगीर, शिक्षण अमुक, प्रदर्शनं तमुक. त्यातल्या दोन-तीन गोष्टी मलाही नव्या होत्या, म्हणजे बघा. तुमच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि थोरल्या मुलानं गज सोडून ब्रश धरला म्हणून ते किती दिवस बोलले नव्हते, हे मात्र त्यात नव्हतं. आणि तेच वडील पुढं दुकानातल्या ठाणांचे उरलेले तुकडे, कुणी घेत नाही असले, गाठोड्यात बांधून तुमच्याकडं लातूरला पाठवायचे, हेही नव्हतं. "पोरांच्या वह्यांला लागतंय म्हणं" एवढाच निरोप. तुमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या म्हणून बघाव्यात तर कुणाची फुलाफुलाची, कुणाची चौकड्याची, एकाची तर फेट्याच्या जरीची.

लातूर नुकतं जिल्हा झालं होतं. गंजगोलाईच्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी जिल्हा. चहावाल्यानं कपाची किंमत वाढवली आणि म्हणाला, आता जिल्ह्याचा चहा हाय. दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' लिहायचं काम निघालं आणि ते तुमच्या पोरांनी धरलं. सकाळी शाळेत पुतळ्याचं नाक काढायचं आणि संध्याकाळी शिडीवर चढून जिल्हा बदलायचा. पाऊस मात्र जिल्हा बदलला म्हणून आला नाही. दुसऱ्या वर्षीही आला नाही. पाट्यांचं काम संपलं, आणि मुरुडकडची, जळकोटकडची पोरं एकेक करून ट्रंक उचलायला लागली. रेखाटनाची वही दुकानात घ्यायची म्हणजे घरच्या आठवड्याच्या ज्वारीचा प्रश्न होता.

तेव्हा तुम्ही माझ्या छापखान्यात आलात. गोदामात उस्मानाबाद जिल्ह्याचे छापील अर्ज थप्प्यांनी पडून होते. जिल्हा बदलला, कागद जागच्या जागी मेला. एका बाजूनं छापलेला, दुसऱ्या बाजूनं कोरा, चांगला जाड फुलस्केप. तुम्ही एक ताव उचलून उजेडात धरलात, बोटांत चुरगाळलात, कानाशी नेऊन वाजवलात.

"मन्मथ, हे कशाचे अर्ज?"

"चारा मागणीचे. मागच्या टंचाईतले."

"मालकाला विचार, देतो का."

मालक म्हणाले, "न्या बाबा. उंदरं तरी कमी होतील."

मग शनिवारी तुमच्या अंगणात वह्या शिवायचं सुरू झालं. छापलेली बाजू आत घालून प्रत्येक ताव मधोमध दुमडायचा. घडी बाहेरच्या कडेला, उघडी तोंडं शिवणीकडं. म्हणजे पानाच्या दोन्ही अंगांना कोरा कागद आणि अर्ज पोटात. कंगव्याच्या पाठीनं घडी दाबायची. टोच्यानं भोकं पाडायची, गोधडीचा दोरा मेणावरून ओढायचा आणि शिवायचं. बटवा असतो तसलं एकेक पान. पोरं खाली मान घालून शिवत बसायची आणि तुम्ही त्यांच्यामधून हात मागं बांधून फिरायचात. "ओढ. अजून ओढ. दोरा काय तुझा जावई हाय का, भीतोस कशाला?"

मीही एक शिवली. मन लावून. सगळे ताव उलटे दुमडले. कोरी बाजू आत आणि बाहेर पानोपानी 'जनावरांची संख्या, बैल, गाय, म्हैस, शेळी'. तुम्ही ती फेकू दिली नाही. दरवर्षी नवी पोरं आली की कपाटातून काढून दाखवायचात. "ही मन्मथरावांची वही. अशी करायची न्हाई." लातूरच्या कलाशिक्षणात माझं योगदान ते एवढंच.

तुमचे दोन नियम होते. पहिलं पान सगळ्यात शेवटी काढायचं, कारण कोऱ्या पहिल्या पानाला माणूस भितो आणि खोटं चांगलं काढायला जातो. आणि वही भरल्याशिवाय तिला पुठ्ठा नाही. रिकाम्या वहीला सजवायचं नाही. ती भरली, मळली, कोपरे दुमडले, की मग कापड लावलेला पुठ्ठा चढवायचा आणि उन्हात वजनाखाली वाळवायची. म्हणून परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात अंगणभर वह्या, आणि वह्यांवर गल्लीतल्या बायकांकडून मागून आणलेले पाटे.

सुमनची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की तुम्हाला ती सांगताना लाज वाटते. पण ती मी पंगतींना सांगत आलो, तुम्हाला सांगायची राहिलीच होती, हे आता कळतंय.

सुमन बिलोलीकडची. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला. पोरगी फार बोलायची नाही, हाताला सुट्टी मात्र नसायची. एकदा तिचे वडील आले, तुमच्या ओट्याच्या कडेला बसले. तुम्ही वर या म्हणालात तेव्हा कुठं सतरंजीवर सरकले.

"जयभीम, सर. येक विचारायचं होतं."

"बोला की."

"पोरीला शिकवायचं हाय. आमच्या मनात लई हाय. पर ही पास झाली तरच शिष्यवृत्ती फुडं चालू ऱ्हाती म्हनं. न्हाई झाली तर मी घेऊन जातो, सर. घरी दोन हात वाढतील."

"पास हुईल."

"रोजच्या चित्राच्या वहीला मार्क असतेत म्हनं."

"तिची वही वर्गात सगळ्यात भरलेली हाय," तुम्ही म्हणालात. "परीक्षेच्या दिवशी तुम्ही स्वतः या, बघा."

ते येतो म्हणाले. येताना ट्रंक बांधायचा दोरही आणतो, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आणला.

परीक्षेच्या दोन दिवस आधी वह्यांना पुठ्ठे चढले. वह्या उन्हात, पाट्यांखाली. आणि गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "टँकर!" आठवडाभर न आलेला टँकर. अक्का उठली, शेजारीण कौसाबाई उठली, पोरं उठली, तुम्ही उठलात. हातात येईल ते भांडं घेऊन अख्खं अंगण रिकामं झालं. पाण्याच्या रांगेत कुणाला वह्या आठवणार? परत आलो तर कौसाबाईची गाय अंगणात उभी. फासळ्या मोजून घ्याव्यात असली गाय. शेवटचा पाटा तिनं नाकानं ढकलला होता आणि त्याखालची वही ती डोळे मिटून, अगदी चवीनं खात होती. वही सुमनची.

ती कुणी हिसकावली ते आठवत नाही. उजवीकडची अर्धी वही गाईच्या पोटात गेली होती. पुठ्ठा गेला, पानांच्या घड्या गेल्या, प्रत्येक चित्राचं उजवं अंग गेलं. घडी गेल्यामुळं पानं फाकली आणि आतले अर्ज बाहेर दिसायला लागले. चारा मागणी अर्ज. अर्ज गाईनं परस्पर निकालात काढला होता. हे वाक्य मला तिथंच सुचलं, आणि तुमचं तोंड बघून मी ते गिळलं. गिळलेलं मी पुढं चाळीस वर्षं रवंथ करत आलो.

सुमन रडली नाही. घागर खाली ठेवली आणि वही पदरानं पुसली.

मीच बोललो. "दाजी, मी सांगत होतो. मोरचूद घातला असता तर एक चाटण चाटून गाय थुंकली असती. पोरीचं वर्ष गेलं."

तुम्ही गाईच्या मानेवर हात ठेवून उभे होतात. "भुकेला जीव थुंकत न्हाई, मन्मथ. खाल्लं असतं, आन् मेली असती."

"थुंकली असती."

"मेली असती."

आपलं भांडण सुरू झालं ते तिथं.

परीक्षक बाहेरगावचे होते. जाड भिंगांचे, कमी बोलणारे. मी छापखान्यातून दांडी मारून तुमच्या वर्गाच्या दाराशी उभा. खिडकीबाहेर लिंबाखाली सुमनचे वडील तिच्या ट्रंकेवर बसलेले, वर्गाकडं पाठ करून. दोर मांडीवर. मी त्यांना चहा विचारला तर म्हणाले, "निकाल लागल्यावर पेतो."

परीक्षकांनी सुमनची वही उचलली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग अर्जावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"अर्ज हाय, सर," तुम्ही म्हणालात. "चाऱ्याचा. गाईनं खाल्ला."

कुणीतरी फिसकन हसलं. बहुतेक मीच. परीक्षक हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, मला दिसेल त्यालाच मार्क देता येतात. अर्ध्या चित्राला मी अर्धेच देणार. अर्ध्यात ही पास होत नाही."

तुम्ही वाद घातला नाही. मला तेव्हा राग आला होता तुमचा. दुष्काळ सांगा, टँकर सांगा, बापाचं सांगा, असं माझं मनातल्या मनात चाललेलं. तुम्ही फक्त म्हणालात, "जे दिसत न्हाई ते तिला विचारा."

त्यांनी विचारलं. हापशाचं चित्र होतं, दांडा उरला होता आणि दांड्यावरचे दोन हात. "हे हात कुणाचे?"

"म्हातारी हाय येक. तिला दांडा दाबत न्हाई, म्हणून लोंबकळती. पाय वर गेलेत तिचे."

"काढ."

तिनं फाटक्या पानाखाली कोरा कागद सरकवून काढलं. म्हातारी, वर गेलेले पाय, एका पायातली निसटलेली चप्पल. दुसरं पान. बसस्टँडवर झोपलेल्या माणसाचं फक्त डोकं उरलेलं. तिनं धड काढलं, पोटाशी धरलेली पिशवी काढली, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला, तोही काढला. तिसरं. तिच्या हाताची गती वाढत गेली. वर्गात पेन्सिलीचा आवाज तेवढा. चौथ्या पानावर नुसती ट्रंकेची कडी आणि धोतराची घडी.

"इथं कोण होतं?"

"माझा बा. मला सोडायला आले होते तवाचं. समोरून काढू देत न्हाईत, लाजतेत. म्हणून पाठमोरा काढला."

"काढ."

तिनं काढायला घेतलं. खिडकीकडं एकदाही बघितलं नाही. तुम्ही बघत होतात. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. सदऱ्याला पाठीवर ठिगळ. मान थोडी पुढं, ऐकत असल्यासारखी. परीक्षक तिच्यामागं उभे राहिले, मग चष्मा सावरत खिडकीशी गेले. बराच वेळ बाहेर बघत राहिले. पुन्हा कागद बघितला.

"ठिगळ कोणत्या बाजूला आहे?" त्यांनी तिच्याकडं न वळताच विचारलं.

"डाव्या," ती म्हणाली. "मीच लावलंय."

त्यांनी टेबलाशी जाऊन वहीवर सही केली. आकडा तुम्हाला दिसला असावा, कारण तुम्ही खडू उचललात आणि फळ्याकडं तोंड करून उगीच एक रेघ मारत राहिलात.

बाहेर जाऊन सांगायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मी सांगितलं. सुमनच्या वडलांनी चहा घेतला नाहीच. दोर गुंडाळून खिशात घातला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि वसतिगृहाकडं चालायला लागले. "पुन्हा जागेवर ठिऊन येतो," म्हणाले.

तुमच्याविषयी मला कितीतरी सांगता येईल, पण मी सांगत आलो ते एवढंच. साखरपुड्यात, जावळात, गृहप्रवेशात, पंगत उठायच्या आत मला कुणीतरी म्हणायचं, "मन्मथ, ती गाईची होऊ दे." मी सांगायचो. आधी मी खळ खाल्ली ते, मग गाईनं अर्ज निकालात काढला ते. लोक पोट धरून हसायचे. तुम्ही कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकायचात, मधेच दुरुस्ती करायचात, "पाटा नव्हता, वरवंटा होता." आणि शेवटी मी तुमच्याकडं बोट करून विचारायचो, "सांगा दाजी, थुंकली असती का नसती?"

"मेली असती."

"थुंकली असती!"

निम्मी पंगत तुमच्याकडून, निम्मी माझ्याकडून. तुमच्या व्याह्यानं तर एकदा म्हशीचा दाखला दिला होता. मी कसरीवर, झुरळांवर, मोरचुदाच्या चवीवर काय काय मुद्दे काढले. एका पशुवैद्याला गाठून विचारून आलो. तो म्हणाला, जनावरावर अवलंबून. तुम्ही कधी चिडला नाहीत, कधी हरला नाहीत, कधी नवा मुद्दाही काढला नाहीत. तेच एक वाक्य. मला वाटायचं, बघा, दाजीकडं मुद्दा नाही.

दवाखान्यात शेवटच्या भेटीला मी तुम्हाला हसवायला म्हणून तेच काढलं. तुमच्या नाकात नळी. ओठ ओले करायला अक्का कापूस घेऊन बसलेली. तुम्ही माझ्याकडं बघून हसलात आणि ओठ हलले. मी कान नेला.

"मेली असती," तुम्ही म्हणालात. आणि माझ्या हातावर थोपटलंत, लहान पोराला थोपटतात तसं.

तुम्हाला समाधीत बसवलं, विभूती लावली, बेल वाहिला. तिसऱ्या दिवशी घरात माणसं जमली होती. नांदेडहून सुमन आली. आता तिचे केस माझ्याइतके पिकलेत. तिकडं शाळेत चित्रकला शिकवते. सोबत तिच्या वर्गातली काही मुलं, आणि मुलांनी शिवलेली एक वही, कोरी, बिनपुठ्ठ्याची. तुमच्या फोटोजवळ ठेवायला. सगळे गप्प बसले होते, ती शांतता मला सोसेना. आणि मला दुसरं येतं तरी काय? मी गाईची गोष्ट सुरू केली. लोक हसले, डोळे पुसत हसले. अक्काही हसली. सुमन हसली नाही. गोष्ट संपेपर्यंत थांबली आणि मग मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"मामा, तुम्ही गाईचं लई सांगता."

"मग? खरंच सांगतो. थुंकली असती का नसती, तूच सांग."

"गाईचं सोडा," ती म्हणाली. "आम्ही खायचो."

"काय खायचा?"

"खळ. त्या साली वसतिगृहाची दुपारची खानावळ बंद पडली होती. सरांना कुणी सांगितलं न्हाई, त्यांना कळलं. मग ते नुसतं शनिवारी न्हाई, रोजच खळ करायला लागले. इतकी खळ कशाला लागती हो वह्यांना? पोरांना म्हणायचे, जाड झाली का पातळ ते हाताला कळत न्हाई, जिभेवर बघा. कडवट लागती, म्हणून वाटीत गूळ. बघा म्हणायचे आणि स्वतः बाहेर सायकल पुसायला जायचे. आम्ही बघायचो. वाट्या भरभरून बघायचो."

मी तिथंच पायरीवर बसलो.

"एकदा आम्ही आलो तर तुम्ही पातेल्याशी बसलेले," ती म्हणाली, आणि आता हसली. "आम्ही दाराआडून बघत होतो. तुम्ही बोटानं निपटून खाल्लं सगळं. त्या दिवशी सरांनी पुन्हा चूल पेटवली."

मी म्हणालो, "अगं, मग इतकी वर्षं... पंगतीत... तू बी असायचीस की."

"असायची. सर माझ्याकडं बघायचे न्हाईत तेव्हा. तुमच्याकडं बघायचे." मग म्हणाली, "आता सांगितलं तरी चालंल, मामा. मी माझ्या पोरांना सांगते."

तिची परवानगी आहे म्हणून हे लिहितोय, दाजी. तुमची विचारायला तुम्ही नाही.

म्हणजे मी चाळीस वर्षं एका गाईवरून तुमच्याशी भांडत होतो आणि तुम्ही ते भांडण नीट जपून ठेवलंत, कारण मी गाईत गुंतलेला असेपर्यंत कुणी पोरांकडं बघणार नव्हतं. परीक्षकासमोर तुम्ही दुष्काळ का सांगितला नाहीत, तेही मला आता कळतंय. पोरीच्या हाताला मार्क मिळावेत, तिच्या पोटाला नकोत. माझ्यासारख्यानं दुसऱ्याच वाक्याला सगळं सांगून टाकलं असतं आणि वर स्वतःच्या दयाळूपणावर खूश होऊन चहा प्यायला असता. तुम्हाला चित्र यायचं, बांधणी यायची, हे लोक लिहितीलच. तुम्हाला गप्प राहता यायचं, ते मी लिहून ठेवतो.

आणि हो, मेली असती. मान्य. पंगतीत तुमच्या तोंडावर म्हणायचं राहिलं.

त्या रात्री घरी येऊन मी शांताला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती अंथरूण घालत होती. तिनं चादरीची टोकं जुळवली, माझं बोलून झालं तरी जुळवतच राहिली.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "अक्कानं त्याच साली सांगितलं होतं."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते बी पंगतीत सांगितलं असतं. लोक हसले असते," ती म्हणाली. "अन् त्या पोरांना बी हसावं लागलं असतं."